बटाट्यासाठी सुधारित सूचना

३ तारीख, गुरुवार. सकाळी ९.१५
लेक हॉस्टेलला गेली. मागे राहिली एक काचेची टाकी, तिच्यात पाच वर्षांचा गोल्डफिश (नाव बटाट्या, आकारही तोच) आणि सूचनांचा कागद. टाकी ती मैत्रिणीला द्यायला निघाली होती, मी अडवलं. ठरलं असं: रविवारी, तेरा तारखेला ती उरलेले कपडे न्यायला येईल. तोवर बटाट्या ठणठणीत राहिला तर टाकी इथेच, आणि त्याची खबर घ्यायला पुढेही रोज संध्याकाळी फोन. नाहीतर फोन आठवड्यातून एकदा. मला रोजचा हवाय. ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो.

बायको म्हणाली, जमेल ना तुम्हाला. विचारायची पद्धत आवडली नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी
सूचना वाचल्या. एका माशासाठी अकरा कलमं. मी सोळा वर्षं मिक्सर आणि इस्त्र्यांच्या माहितीपुस्तिका लिहितोय. लाल पेन घेतलं.

'फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नये, टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा.' घाण पाण्यात स्वच्छता? 'स्पंज धुवावा' एवढंच ठेवलं. 'एका वेळी पाव टाकीच पाणी बदलावं, तेही एक दिवस उघडं ठेवलेलं.' पाल्हाळ. 'पाणी बदलावं' पुरे. 'खाणं चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल इतकंच.' चिमूट हे काही माप नाही. एक चमचा केला. अकराची पाच झाली. टाइप करून टाकीवर चिकटवली. मूळ कागद केराच्या टोपलीत.

सासरेबुवा (गुडघ्याचं ऑपरेशन, मुक्काम आमच्याकडे) काठी टेकत आले, वाचून गेले. जाताना केराच्या टोपलीपाशी जरा थांबले. कौतुक करायचा स्वभावच नाही.

५ तारीख, शनिवार
कलम एक ते तीन पूर्ण. सगळं पाणी बदललं. स्पंज गरम पाण्याच्या नळाखाली धुतला, नव्यासारखा निघाला. खडेही घासले. टाकी शोरूमसारखी.

सव्वासहाला फोन. नऊ मिनिटं. म्हटलं, सगळं सूचनांप्रमाणे. कोणाच्या, ते तिने विचारलं नाही.

६ तारीख, रविवार
पाणी किंचित पांढुरकं. बटाट्या वर येऊन तोंड उघडझाप करतोय. भूक. दीड चमचा दिला.

७ तारीख, सोमवार. सकाळी ७
पाणी तांदूळ धुतल्यासारखं. खाणं तळाला पडून. बटाट्या वरच. भूक नसावी.

न्हाणीघरात दोन बादल्या भरलेल्या, कोणी वापरत नाही. सासरेबुवा म्हणाले, असू दे, पाणी जरा बसू दे. वय झालं. दोन्ही बादल्या कुंड्यांना घातल्या. बायको म्हणाली, अहो, विचारायचं तरी. माझ्याच घरात मी पाणी ओतायला कोणाला विचारू?

फोन: पाणी स्वच्छ आहे का? म्हटलं, आहे. चार मिनिटं. तिने तेच दोनदा विचारलं.

८ तारीख, मंगळवार. सकाळी ७.१०
बटाट्या तळाला, एका कुशीवर. काचेवर टकटक केली. कल्ले हलले.

ऑफिसात लक्ष नाही. मिक्सरच्या पुस्तिकेत 'आडवा पडल्यास काचेवर टकटक करावी' असं छापायला गेलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत पाळीव माशांच्या दुकानात. दुकानदाराने विचारलं, स्पंज धुतला का. मी अभिमानाने हो म्हटलं. नळाखाली? हो. त्याने हातातली जाळी खाली ठेवली. त्या स्पंजातल्या घाणीतच पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू असतात, म्हणाला. ते गेले, की मासा स्वतःच्याच घाणीने गुदमरतो. आता खाणं बंद आणि रोज पाव टाकी पाणी बदला, पण एक दिवस बसलेलं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून गेलेलं. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का?

सूचना अपुऱ्या होत्या, म्हटलं. हे खोटं नाही.

बसलेलं पाणी काल कुंड्यांत गेलं. भीती वाटतेय.

९ तारीख, बुधवार
बटाट्या अजून कुशीवर. मूळ कागद शोधला. केराची टोपली रिकामी. न्हाणीघरात आता चार बादल्या, आणि शेजारी खुर्ची टाकून सासरेबुवा, काठी आडवी धरून. वाद घालायचं त्राण नव्हतं.

सव्वासहा, साडेसहा, सात. फोन नाही.

१० तारीख, गुरुवार
सरळ झाला. तळाशीच आहे, पण सरळ. रोज सकाळी वीस मिनिटं समोर बसून त्याच्याशी बोलतोय, त्याचा परिणाम. दुकानदाराला यातलं काही ठाऊक नसणार.

तक्रार: संध्याकाळी येतो तेव्हा टाकीपुढची फरशी ओली. सासरेबुवा सांडतात. शिवाय खाण्याचा डबा त्यांच्या उशीखाली सापडला. डॉक्टरांना दाखवायला हवं.

१२ तारीख, शनिवार
पाणी नितळ. बटाट्या पोहतोय. संकल्प: मासे पाळण्यावर पुस्तक लिहायचं. पहिलं प्रकरण 'धीर'. उद्या लेकीला सांगायची चार वाक्यं तयार केली.

१३ तारीख, रविवार
चपला न काढता थेट टाकीपाशी गेली. बटाट्या काचेला येऊन भिडला. मी पहिलं वाक्य सुरू केलं, तोवर ती आजोबांच्या खोलीत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली होती.

सोमवारपासून दुपारी दोघांचा फोन चालू होता. ती सांगायची, ते पाणी बदलायचे. बादल्या बायको भरायची. म्हणजे 'पाणी स्वच्छ आहे' म्हणालो, तेव्हा तिला ठाऊक होतं. त्याबद्दल ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

टाकी राहणार. आजोबांच्या खोलीत. तिथे कपाटाच्या दाराला मूळ कागद चिकटवलेला, चुरगळलेला, माझ्या लाल रेघांसकट. खाली सासरेबुवांच्या अक्षरात बारावं कलम: 'जावईबापूंना टाकीला हात लावू देऊ नये.'

खिशात पेन होतं. दोनदा वाचलं. एकही शब्द कापता आला नाही.

१४ तारीख, सोमवार. संध्याकाळी ६.३५
सव्वासहाला फोन आला, सासरेबुवांच्या मोबाइलवर. अठरा मिनिटं. मी दाराशी पेपर वाचत उभा होतो. मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला. तिने विचारलं, बादल्या भरल्या का. म्हटलं, दोन, सकाळी सातला भरल्या, झाकलेल्या नाहीत, ओतल्याही नाहीत. ती म्हणाली, बरं, उद्या परत विचारीन.

दोन मिनिटं.