कापलं तरी टोक वरच

३ मार्च, सोमवार
आणि वर मलाच म्हणतो, वहिनी, तुम्ही नुसता मीटरचा काटा बघता, गाणं ऐकत नाही! माझ्याच स्टुडिओत! गिऱ्हाईक मी आणायचं, भिंतीला गाद्या मी ठोकायच्या, गायकांचे रुसवे मी काढायचे, आणि हे दीरसाहेब हेडफोन चढवून इंजिनिअर. म्हटलं, मग जा की. गेला. बरं झालं.
ह्यांनी विचारलं, आता मास्टरिंग, म्हणजे गाण्यांवरचा शेवटचा हात, कोण फिरवणार? मी! बटणंच फिरवायचीत, विहीर नाही खणायची.

४ मार्च, मंगळवार
मफलरबाईंची गाणी शनिवारी रेकॉर्ड कंपनीत जायची. (गळ्याला बारा महिने मफलर, म्हणून मफलरबाई. तोंडावर म्हणत नाही.) पास झाली तर त्यांची पुढची सगळी कामं आपल्याकडे. नाहीतर स्टुडिओला कुलूपच. कंपनीची अट एकच. आवाजाचं टोक, म्हणजे पीक, मीटरवर उणे एकच्या वर जायचं नाही.
त्याला लिमिटर असतो. वर येणारी डोकी छाटतो. लावला. सगळी गाणी शाळेच्या रांगेसारखी सरळ उभी. ह्याच कामाला दीर आठवडा घालवायचा.

५ मार्च, बुधवार, सकाळ
पहिल्या गाण्याच्या बुडाशी पंख्याची घूं घूं. (रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा मीच लावला होता, पण बाईंना घाम येत होता, त्याला मी काय करू?) खालचे सूर कापायचा फिल्टर लावला. आवाज कापला की टोकही खाली येणार, त्याला शिक्षण कशाला लागतं? मी तर चौथी पास.
काटा वर गेला. लाल दिवा.
वायर हलवली. लाल. मीटरची काच पदराने पुसली. लाल. मीटर बिघडलाय.

दुपार
आणखी कापलं. आणखी वर. मीही हट्टाला पेटले, सगळ्याच गाण्यांना कात्री लावली, सेव्ह करत गेले. हे डोकावून म्हणाले, एवढं कापून उरलं काय? मी दार लावून घेतलं.

६ मार्च, गुरुवार
आवाजच खाली घेतला की लाल जातं. एवढं कळतं मला. पण मफलरबाई ऐकून म्हणाल्या, माझं गाणं शेजारच्या घरात चाललंय का? परत वर. परत लाल.
धाकटी जाऊ नवऱ्याचा हेडफोन न्यायला आली, सोबत त्याचा निरोप. (लाल दिव्याचं ह्यांनीच तिकडे सांगितलं असणार.) म्हणे फिल्टर आधी लावा, लिमिटर सगळ्यात शेवटी. खालचे आणि वरचे सूर रस्सीखेच खेळल्यासारखे एकमेकांना अडवून धरतात. फिल्टर खालचे कमी करतो, पण उरलेल्यांना जागचे जरा सरकवतो. मग त्यांची डोकी एकावर एक चढतात. एकूण आवाज कमी, टोक मात्र उंच.
मी म्हटलं, कापड कापल्यावर लांब झालेलं कुणी पाहिलंय का? ती म्हणाली, कापड कोण ऐकायला बसतं, वहिनी?
फार बोलायला लागलीय. नवऱ्याची संगत.

७ मार्च, शुक्रवार
निरोपाकडे साफ दुर्लक्ष केलं. चहा पिताना माझं मलाच सुचलं, फिल्टर आधी आणि लिमिटर शेवटी लावून बघावं. लावला. काटा बरोबर रेषेवर! डोकं लागतं, ते असं.
गाणी जरा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी वाटतात. आजकाल तीच फॅशन असेल.

८ मार्च, शनिवार
कंपनीने पीक पास केलं. सगळंच्या सगळं. लिहून ठेवते, कुणी नाही म्हणायला नको.
मफलरबाईंनी गाणी परत मागवली. म्हणाल्या, हा माझा आवाज नाही, मला सर्दी झालेल्या डासाचा वाटतोय. कंपनीने थोडी मुदत दिलीय, मूळ गाण्यांवरून नीट करा.
मूळ गाणी? मी त्यांच्यावरच सेव्ह केलेलं. ह्यांनी सांगितलं, दीर प्रत्येक कामाची कॉपी स्वतःकडे काढून ठेवतो. मला हे आजवर कुणी सांगितलं नाही. सांगायला नको?

९ मार्च, रविवार
मफलरबाई थेट त्याच्या घरी गेल्या. तो दुसऱ्याच्या स्टुडिओत बसून गाणी करून देणार म्हणे. आमच्या भिंतीत गायलेली गाणी!

१० मार्च, सोमवार
दीराच्या समोर गेले की माझा पारा चढतो, म्हणून काय बोलायचं ते आधी इथे लिहून पाठ करते.
तर ऐक. माफी मागायला आलेले नाही. फिल्टरचं तू म्हणालास ते निघालं बरोबर, कधी कधी निघतं. गाणी तिकडे करू नकोस. इथे ये आणि कर. मी बाहेरच्या खोलीत बसेन, पंखा बंद ठेवेन, तू हाक मारल्याशिवाय आत येणार नाही. येणार की नाही, एका शब्दात सांग. बुधवारी दुपारपर्यंत उत्तर पाहिजे. नाही म्हणायचं असेल तर बुधवारी सांग. हो असेल तर आत्ताच सांग.