मागचा लाल खटका

मंगफ, कुवेत
१८ जून २००४

प्रिय अभिनव,

फोनवर तू "हाय बाबा, आय ॲम फाइन" म्हणतोस आणि लगेच आईला द्यायला सांगतोस, म्हणून लिहितो आहे. मराठी वाचायला तुला वेळ लागतो, ठाऊक आहे. सावकाश वाच, पण शेवटपर्यंत वाच.

उदयमामा पंधरा दिवसांसाठी इथे आला आहे. जेवताना त्याने तुझी गंमत सांगितली. होस्टेलमधल्या मुलांनी कॉम्प्युटरमध्ये सीडी रायटर बसवून मागितला, तर तू दोन्ही हात पाठीमागे घेऊन म्हणालास, "नको रे, मी हात लावला की जळतं." मुलं हसली म्हणे. मामा हसला, तुझी आईही हसली. मी ताट सारून उठलो. आठव्या वर्षी घरातला रेडिओ खोलून पुन्हा वाजता करणारा माझा मुलगा इलेक्ट्रॉनिक्सची हातातली जागा सोडून कॉमर्सला बसला आहे, आणि स्वतःच्या हातांना घाबरतो आहे. ती जागा यंदाही मिळू शकते. परदेशातल्या मुलांच्या फॉर्मची मुदत तीस जूनला संपते. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाच.

दुसऱ्या दिवशी शुऐबाच्या कामावरून सुटल्यावर थेट हवल्लीच्या कॉम्प्युटर बाजारात गेलो. तुझ्या कॉम्प्युटरचं ते जळकं यंत्र वर्षभर बाल्कनीत धूळ खात पडलं आहे. ठरवलं, ते पुन्हा उभं करायचं. बोर्ड पसंत केला, प्रोसेसर पसंत केला. पॉवर सप्लायपाशी, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यापाशी, अडलो. तू मला शिकवू पाहत होतास आणि मी ऐकत नव्हतो, ते एकेक आठवू लागलं. डब्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलायचं नाही, बारा व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते बघायचं. लागेल त्यापेक्षा बरंच जास्त घ्यायचं, कारण इथल्या उन्हाळ्यात पंखासुद्धा गरम हवाच ओढतो. आणि हातावर तोलायचं. हलका लागला तर आत माल कमी, ठेवून द्यायचा. मी डबे तोलत उभा होतो. दुकानातला रिपेअरवाला जगन्नाथ हसून म्हणाला, "साब, वजन बाद में. पहले पीछे का लाल बटन देखो. लोग सऊदी से माल उठा लाते हैं, एक सौ पंद्रह वोल्ट पे सेट रहता है. यहाँ दो सौ चालीस में लगाया कि धडाम! हफ्ते में दो-तीन आते हैं." मी काउंटर धरला. त्याने स्टूल पुढे केलं, पाणी दिलं, उन्हाचा त्रास झाला का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. काहीही न घेता घरी आलो.

आता गेल्या वर्षीचा मे महिना आठव. युद्धाचे सायरन थांबून महिना झाला होता. दोन वर्षं एकेक भाग जमवून तू यंत्र जुळवत आणलं होतंस, फक्त सप्लाय राहिला होता. हवल्लीतला एक तू पसंतही केला होतास. मी सौदीतल्या दम्मामच्या कामावरून येताना तिथूनच दुसरा उचलून आणला आणि वर भाषण ठोकलं: आकडा तोच, काम तेच, मग नावाची पूजा कशाला? तू म्हणालास, "बाबा, वन मिनिट, मला एकदा चेक करू दे." मी गरजलो. तेहतीस हजार व्होल्टचं सबस्टेशन सांभाळणाऱ्या माणसाला तू वीज शिकवणार? लाव! तू लावलंस. मी सांगितलं म्हणून लावलंस. आवाज झाला, धूर झाला, तुझा चेहरा पांढराफटक पडला. आणि मी काय म्हणालो? "वायर उलटी लावली असशील. हातच धड नाहीत तुझे."

तू तोंड धुऊन आलास, टॉर्च घेतलास आणि सप्लायच्या मागे बराच वेळ बघत बसलास. मग स्क्रूड्रायव्हरचा संच गुंडाळून ठेवलास. तो तू नंतर कधी उघडला नाहीस.

त्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळात माझं व्याख्यान होतं. विषय होता, सत्य बोलण्याचं धैर्य. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, पहिल्या रांगेत तूही. आमच्यासारखे बोलणारे लोक फार धोक्याचे असतात, अभिनव. आमचा आवाज चढला की समोरचा गप्प बसतो, आणि आम्हाला वाटतं, त्याला पटलं. कपाटं भरून पुस्तकं वाचली, हजारो शब्द फेकले, पण घरात तीन शब्द म्हणता आले नाहीत: माझी चूक झाली.

टॉर्चच्या उजेडात तुला तो लाल खटका २३० वर दिसला, जिथे असायला हवा तिथेच. म्हणून तू सगळा दोष स्वतःच्या हातांना दिलास. पण सप्लाय उडाला तेव्हा खटका तिथे नव्हता. तू तोंड धुवायला गेलास तेव्हा मी आधी पाहिलं. तो ११५ वर होता. मी नखाने तो सरकवला. टक् असा बारीक आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतो. परवा हे तुझ्या आईला सांगितलं. ती उठून आत गेली, अजून माझ्याशी बोललेली नाही. तूही बोलला नाहीस तर मी तक्रार करणार नाही. उदयमामाबरोबर खोकं पाठवतो आहे. त्यात फॉर्म आहे आणि तोच जळका सप्लाय आहे. वर्षभर कपाटावर दडवून ठेवला होता. त्याचा खटका मी होता तिथे, ११५ वर, परत नेऊन ठेवला आहे. स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि तीस तारखेच्या आत फॉर्म भर. नवा सप्लाय मी घेतलेला नाही. तो तू निवड.

अजूनही तुझाच,
बाबा