बंपरवरची तिसरी पट्टी

बाबा, सकाळपासून चार वेळा गच्चीवर जाऊन आले. ऊन असं की स्लॅबवर चप्पल चिकटते, गुडघे बोंबलतात, तरी जाते, पाहते, उतरते, पुन्हा जाते. हे खालून ओरडतात, “अवो, काय ठेवलं आहे वर? पापड वाळू घातले का?” पापड नाहीत. तुमचा तो भंगारातून आणलेला काळा बंपर ठेवला आहे. तुमच्यासारख्याच मास्किंग टेप लावून पाच पट्ट्या पाडल्या, अन् उन्हाळाभर कोणाला हात लावू दिला नाही. दुकानात बसवत नाही मला. आज पाच वाजता पेंटर येणार आहे, अमरावतीच्या राजापेठेतल्या आपल्या गाडी-पॉलिशच्या दुकानाची नवी पाटी रंगवायला. त्यावर ह्यांना मोठ्या अक्षरांत लिहून घ्यायचं आहे, ‘सासऱ्यांनी उन्हात पारखलेला माल’. गेली बावीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला हे तेच सांगत आले आहेत: “आमच्या सासऱ्यानं आधी माल पारखला, अन् मंग पोरगी देली!” लोक हसतात. मी बाटल्यांवरची धूळ पुसत बसते.

अकोल्याच्या दुकानातली तुमची पद्धत मला पाठ आहे. अकोल्याच्या उन्हात गाडीचा पत्रा टिकतो, पण बंपर, दरवाज्यावरची काळी बीडिंग, आरशाची टोपी, वायपरखालची जाळी, सगळं दोन वर्षांत राखेसारखं पांढरं पडतं. मग कोणी शेंगदाण्याचं तेल चोपडून आणतं अन् त्यावर धूळ बसून गाडी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसते. कोणी हीट गननं शेकून काळं करून आणतं, ते पुन्हा पांढरं पडतं. म्हणून कोणताही नवा माल आला की तुम्ही आधी बंपरवर लावायचे. शाम्पूनं धुऊन, कोरडं करून, एका पट्टीवर एकच माल अन् एकदाच. दर रविवारी बादलीभर पाणी. पाचवी पट्टी कोरीच ठेवायची. मी विचारलं होतं, “हे काहून सोडली?” तुम्ही म्हणाले, “काहीच न लावलेलं डोयासमोर असलं की लावलेलं खोटं बोलत नाही.”

त्या वर्षी तिसऱ्या पट्टीवर जे दुधासारखं पांढरं पॉलिश होतं, ते हे घेऊन आले होते. तेव्हा हे ‘हे’ नव्हते, अमरावतीहून मोटारसायकलवर बाटल्यांची पिशवी घेऊन येणारं पोट्टं होते. चहा घेताना बशीत सांडायचे, अन् मी आले की जास्त सांडायचे. मला ते आवडले होते, अन् तुम्हाला ते कळलं होतं, हे मला माहीत होतं. तुम्ही सरळ बोलायचे नाही. म्हणाले, “पाहू त्याचा माल. जो माल खरा विकते, तो घरातबी खरं बोलते.” पहिल्याच रविवारी पाणी टाकून तुम्ही तिसरी पट्टी अंगठ्यानं घासली अन् तोंड वाकडं केलं. “यात दम नाही. नुसता चकचकाट आहे. पहिल्या पट्टीवरचं कोटिंग पाय, चमकत नाही पण पाणी धरून नाही राहिलं, थेंब घसरून जाते.”

मग मी काय केलं ते सांगते, आता लपवून काय करू! दुपारी तुम्ही पंख्याखाली आडवे झाले की मी गच्चीवर जायची. ओढणीच्या आड बाटली, हातात जुन्या बनियनचा तुकडा. तिसरी पट्टी पुन्हा पुसून काळीभोर करायची. एकदा नाही, पाच रविवार. तुम्ही दर वेळी वाकून पाहायचे, चष्मा काढून पाहायचे, डोकं खाजवायचे. शेवटी म्हणाले, “चुकलो मी. पोरगा खरा आहे.” पुढच्या महिन्यात साक्षगंध झालं, लग्न पक्कं झालं.

पावसाळ्यात जे व्हायचं तेच झालं. तुम्ही विकलेलं ते पॉलिश ओघळून लोकांच्या गाड्यांच्या दरवाज्यांवर पांढरे डाग पडले. बाळापूरचा एक माणूस दुकानासमोर गाडी आडवी लावून ओरडला, “हे का काम आहे? मी तुमच्या तोंडाकडे पाहून लावलं होतं!” तुम्ही हात जोडले. माझ्या बापाला मी कोणापुढं हात जोडताना पाहिलं नव्हतं. हे दुसऱ्या दिवशी अमरावतीहून आले, उरलेल्या बाटल्या परत घेतल्या, अन् बाळापूरला जाऊन त्या माणसाची गाडी स्वतःच्या हातानं धुऊन दिली. माल कच्चा आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तुम्ही मला म्हणाले, “जवाई सोन्यासारखा आहे. माझाच डोया गेला.”

अन् तुम्ही खरंच डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. तुमचा विश्वास बसला नाही. बंपर मागच्या भिंतीला उभा करून ठेवला तो कायमचा. त्यानंतर लग्नापर्यंत, अन् मी माहेरी आले की तेव्हाही, गाडी पुढं आली की तुम्ही मला पाहायला हाक मारायचे, “तू पाय बरं. मले समजून नाही राहिलं.” तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. ती हाक आठवली की मी अजून जागच्या जागी बसू शकत नाही.

यंदा मी तिसऱ्या पट्टीला तोच पांढरा माल आणला. अजून विकतात तो, डबा नवा. एकदाच लावला. दुसऱ्याच रविवारी ओघळला. पहिल्या पट्टीवरचं कोटिंग आजही पाणी धरत नाही. तुम्ही अंगठा लावून जे सांगितलं होतं, तेच.

पाच वाजले. खाली पेंटर शिडी लावतो आहे अन् हे त्याला जावयाच्या थाटात तीच गोष्ट सांगून राहिले आहेत, मला इथंवर ऐकू येते. आता उतरते. आधी ह्यांना ते पाच रविवार सांगते, मग पेंटरला काय लिहायचं ते. हे रागावतील, की हसतील, की जेवणार नाहीत, मला काही सांगता येत नाही. हा कागद पाठवायला पत्ता नाही, बंपरच्या आतल्या खाचेत ठेवते.

एक राहिलं. तुम्ही “तू पाय बरं” म्हणायचे, तेव्हा मला शरम वाटायला पाहिजे होती. नाही वाटायची, बाबा. बाप मला विचारून काम करतो म्हणून मी सगळ्या गल्लीत मिरवायची.