मैनेचा उखाणा

अमरावती,
एप्रिल १९६४

प्रिय शालू,

पत्र हाती पडलं की आधी दाराची कडी लाव, मग वाच. तू म्हणशील, शकुनताईला शाळेतल्या पोरींना दटावायची सवय लागली, आता आम्हालाही हुकूम सोडते. सोडू दे. हे पत्र मी टपालात टाकलं नाही, नत्थुजींच्या हाती दिलं आहे. ते आमच्या शाळेचे चपराशी, त्यांची लेक अकोल्यात तुमच्याच जठारपेठेत दिलेली, आणि माणूस तोंडाचा पक्का. रविवारी तुझं साक्षगंध आहे. काल-परवापर्यंत वामन तुझा भाऊजी होता, आता नवरा व्हायचा. मी त्याची थोरली बहीण, आमचे आईवडील नाहीत, तेव्हा वरमाईचा मान माझाच. चोळी-बांगड्यांचं बघायचं सोडून ही बाई पत्र कसलं खरडत बसली, असं तुला वाटेल. मलाही लिहिताना बरं वाटत नाही. पेन दोनदा खाली ठेवला.

तुझी बहीण मैना लग्न होऊन या घरात आली तेव्हा मी मनातून जरा धास्तावलेच होते. नणंद मास्तरीण, त्यातून एकटी, लग्न न केलेली, म्हणजे खाष्ट असणार असं तिला कुणीतरी सांगून ठेवलेलं. पण आठ दिवसांत ती माझ्या वह्यांचे गठ्ठे उचलून त्या जागी पाट मांडायला लागली आणि मीही त्या पाटावर बसून जेवायला लागले. सगळ्यात मजा यायची ती तिच्या नाव न घेण्याची. नवऱ्याचं नाव घेऊ नये हे आपण सगळ्याच पाळतो, पण तुझ्या बहिणीने कहर केला होता. आमच्या गल्लीत दूध घालायला येतो त्याचंही नाव वामन. त्यालाही ती कधी नावाने हाक मारायची नाही. ‘ओ दूधवाले’ म्हणून दारातून ओरडायची. मी चिडवायची, अगं, तो काय तुझा कोण लागतो? ती पदर तोंडात धरून हसायची. शालू, हे तू नीट लक्षात ठेव. पुढे त्याचंच काम आहे.

बाळाच्या बारशाला तू तापाने आली नव्हतीस. वामनने लाउडस्पीकरच्या दुकानासाठी तो टेपरेकॉर्डर नुकताच आणला होता आणि त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. पाळण्यामागच्या खिडकीत यंत्र ठेवलं आणि पाळणा, गाणी, बायकांचे उखाणे, सगळं फितीवर भरत राहिला. खिडकीच्या पलीकडे परस आणि परसात विहीर, हे तुला माहीतच आहे. बायकांनी मैनेला उखाण्यासाठी फार आग्रह केला. तिने ‘मग घेतो, मग घेतो’ म्हणत हसण्यावारी नेलं आणि घेतलाच नाही. पुढे मी पाहुण्यांना मोटारस्टँडवर पोचवायला गेले. वामन वलगावला एका सभेचे कर्णे बांधायला निघाला, निदान तसं म्हणाला. यंत्राची फीत फिरतच राहिली असावी, निघायच्या गडबडीत बंद करायचं कुणाला सुचलं नाही. मी परत आले तेव्हा परसात माणसं जमली होती. पाणी काढताना पाय घसरून मैना विहिरीत पडली म्हणाले. बाळ पाळण्यात झोपलेलं होतं. वामन वलगावहून धावत आला आणि काठावर डोकं आपटून रडला. ते रडणं खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

तिचं सुतक चालू असतानाची गोष्ट. दुपारी त्याने आतून दार लावून ती फीत ऐकली. मी स्वयंपाकघरात पीठ चाळत होते. भिंतीपलीकडून बारशाची गाणी ऐकू आली आणि मला हुंदका आला. मग गाणी थांबली, नुसती खरखर चालली, आणि तिच्यातून मैनेचा आवाज आला. “वामनराव, मले अकोल्याले जाऊ द्या. लेकरू घेऊन जातो मी.” तेवढंच. यंत्र खटकन बंद झालं. मी म्हटलं, आधीच्या कुठल्या दिवसाचं असेल, माहेरी जायचं त्यांचं भांडण चालूच होतं. पण तिच्या तोंडून त्याचं नाव ऐकून हातातली चाळणी तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं की चुकीचं बटण दाबलं गेलं आणि सगळी फीत कोरी झाली, मैनेचा आवाजही गेला. मी त्याला जवळ घेतलं. दुःखात माणसाचे हात चुकतात, असं मीच त्याला समजावलं.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने ऐक. होळीच्या सुमारास तू बाळाला बघायला आलीस तेव्हा त्याने ते बारसं पुन्हा भरायचं काढलं. त्याच बायका, तीच गाणी, त्याच क्रमाने. पाळण्याला तोच झोका, मध्ये कुणाच्या हातून तांब्या पडला होता तर तोही पाडून घेतला. बायकांना वाटलं, बिचारा बायकोच्या आठवणीत वेडा झाला. आणि शेवटी त्याने तुला पुढे बसवलं. मैनेने उखाणा घेतला होता, तुझा आवाज अगदी तिचाच, तू घे, बाळ मोठं झालं की आईचा आवाज म्हणून ऐकेल, असं म्हणाला. ‘कौंडण्यपूरच्या घाटाला वर्धेचं पाणी, वामनरावांचं नाव घेते, त्यांच्या घरची राणी.’ तू रडत रडत म्हटलंस. त्याने तीनतीनदा म्हणवून घेतलं, रडणं नको म्हणाला. मैनेने उखाणा घेतलाच नव्हता हे माझ्या ओठांवर आलं होतं. म्हटलं, त्याला बरं वाटतं तर वाटू दे. मग तुला बाजूला घेऊन, मामाजींना, म्हणजे तुझ्या बाबांना, सांगू नको, त्यांना सोसणार नाही, असंही तो म्हणाला. तूच मला स्टँडवर सांगितलंस.

आता गेल्या आठवड्यातलं. तुझे बाबा आले होते. तुला त्यांनी काय सांगितलं ठाऊक नाही, पण ते लग्न ठरवायला आलेच नव्हते, जाब विचारायला आले होते. आमच्या शेजारच्या पार्बताबाई अकोल्याला एका लग्नात त्यांना भेटल्या आणि बोलून गेल्या की, बारशाच्या दिवशी संध्याकाळी भिंतीआडून मैनेला नवऱ्याचं नाव घेताना ऐकलं. बाबा ओट्यावरच उभे राहिले, पाणीसुद्धा घेतलं नाही. तुम्ही वलगावला होते, तर माही पोर कोणाचं नाव घेऊन राहिली होती, असं त्यांनी सरळ विचारलं. वामन जरासुद्धा गडबडला नाही. बारशाची फीत भरलेली होती, मी गेल्यावर मैना ती पुन्हा लावून ऐकत बसली असेल, पार्बताबाईंनी यंत्रातलं ऐकलं, असं म्हणाला. आणि त्याने फीत लावली. त्यात तुझा उखाणा होता.

तुझी आई गेल्यावर ज्या माणसाने तुम्हा दोघींना वाढवलं, तो यंत्रापुढे खाली बसला. “हे माहीच लेक आहे,” म्हणाले. खोटं बोलले नाहीत ते, शालू. मग ते वामनच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, संशय घेतला म्हणून हात जोडले, आणि बाळाला आईविना ठेवू नका म्हणत तिथल्या तिथे तुला देऊ केलं. मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. वामन माझ्याकडेच बघत होता.

ते गेल्यावर मी यंत्रापाशी गेले. वामननेच मला मागे शाळेची प्रार्थना भरताना ते शिकवलं होतं. नवीन भरायचं आणि जुनं पुसायचं ते लाल बटण मी एकटंच दाबून बघितलं. हलत नाही. दुसरं बटण धरून ठेवलं तरच ते खाली जातं. शिकवताना तो मोठ्या अभिमानाने म्हणाला होता, “एका हातानं दबतच नाही ताई, म्हणून चुकून काई पुसल्या जात नाही.” म्हणजे फीत त्याने मुद्दाम पुसली; गाण्यांमागून आलेलं मैनेचं ते बोलणं त्याच संध्याकाळचं, आणि तेव्हा तो वलगावला नव्हता, तिच्यासमोर होता. मागे वळले तर तो उंबऱ्यात उभा. रागावला नाही. फडकं घेऊन बटणांवरची धूळ पुसली आणि हळूच म्हणाला, “शालू आली की झालं. आवाज घरातच राहीन.” माझ्या पाठच्या भावाला मी अंगाखांद्यावर खेळवलं आहे, शालू. आणि त्या वेळी मला त्याची भीती वाटली. तेव्हापासून मी विहिरीवर एकटी जात नाही.

हे पत्र का लिहिलं ते आता सांगते. पार्बताबाईंचं बोलणं त्याच्या कानी आधीच आलं असावं, म्हणूनच होळीला त्याने तुझा आवाज भरून ठेवला. तुझ्या बाबांची खात्री पटली ती तुझ्या आवाजाने, आणि तो आवाज तुझा आहे हे तोंडाने सांगू शकशील अशी तूच. बायका गाण्यांसाठी आल्या होत्या, त्यांना कुणी विचारायला जाणार नाही. म्हणून तू त्याला घरात हवी आहेस, बाळासाठी नाही. आज बाबा जेवून उठले की त्यांच्यासमोर बस आणि तो उखाणा त्यांना म्हणून दाखव, रडू नकोस, त्या दिवशी म्हटलास तसाच म्हण. त्यांना आणखी काही सांगावं लागणार नाही. उत्तर या पत्त्यावर पाठवू नकोस, टपाल तो आधी बघतो. साक्षगंधाच्या खरेदीचं निमित्त करून मी बाळाला घेऊन शनिवारच्या सकाळच्या मोटारीने अकोल्याला निघते आहे. आम्ही दुपारपर्यंत उतरलो नाही, तर बाबांना एकटं इकडे धाडू नकोस. पोलीस घेऊन या.

तुझीच,
शकुनताई