एरास्टसने मला सर म्हणावं म्हणून

१२ एप्रिल
आणि वर हा एरास्टस अजून सगळ्यांना सांगतो की रक्त होतं. नव्हतं. दगडावर लाल डाग होता. त्या भागात निम्मे दगड लालच असतात. पैसे देऊन शिकारीला आलेल्या पाहुण्याने कुडू हरणावर गोळी झाडली, कुडू पळाला, मी म्हणालो चुकली. माग काढायला मला ठेवलं होतं, मग माझा शब्द शेवटचा नको? फार्मचा नियम असा की रक्ताचा थेंब दिसला की जनावर तुझं, सापडो न सापडो, पूर्ण पैसे टाक. पाहुणा दातांचा डॉक्टर, सज्जन माणूस. त्याने मला बूट दिले ते नंतर. म्हणजे दाखवले आधी, दिले नंतर. लाच आधी देतात, एवढं मलाही कळतं.
एरास्टस मागून आला, गुडघे टेकून दगड बघितला, मालकीणबाईंना सांगितलं. माझी नोकरी गेली. तो तिथेच फोरमन, आणि मी इथे वॉल्व्हिस बे बंदरावर माशांच्या कारखान्यात मुंडकी उडवतोय.
आज ठरवलं. सोडायचा नाही.

१३ एप्रिल
प्लॅन तयार. त्याच फार्मवर पाहुणा म्हणून जायचं. फॅमिली पॅकेज आहे, एकाने शिकार करायची, बाकीच्यांनी मजा. मी कुडू मारणार, पिळाच्या शिंगांचा, म्हातारा नर. एरास्टस माझी बंदूक खांद्यावर घेऊन पुढे चालणार आणि मला सर म्हणणार. आईला पायांचा मसाज. बहिणीला, नेलाओला, घोडा. मामांना तळ्यावर गळ टाकून बसायला खुर्ची. चहा गार आहे म्हणून मी दोनदा परत पाठवणार. गार नसला तरी.
बूट तेच घालणार.
कुडू चौदा हजार डॉलर. होईल.

१६ एप्रिल
घरी फोन केला. आई म्हणाली, गोठ्यात गुरं असताना पैसे देऊन दुसऱ्याचं जनावर मारायचं? त्यापेक्षा घरी ये, बोकड कापते. सूड तिला सांगता येत नाही, कारण नोकरी मी स्वतः सोडली असं घरी माहीत आहे. मामांनी एकच विचारलं, जेवण धरून आहे का? आहे म्हटल्यावर म्हणाले, मुलाची हौस मोडू नये.
बुकिंग मामांच्या नावावर. माझं नाव दिसलं तर एरास्टस सावध होईल.

३ मे
बिअर बंद. रस्त्यावरचं भाजलेलं मटण बंद. फक्त शुक्रवारी.

७ मे
आज शुक्रवार नव्हता, पण दिवसभर शुक्रवारसारखंच वाटत होतं.

२१ मे
अ‍ॅडव्हान्स भरला. परत मिळत नाही म्हणे. परत मागतोय कोण?
कुडूऐवजी ओरिक्स घ्यावा, तेही हरिणच, दर जरा कमी. मांस चांगलं असतं.

३० मे
स्प्रिंगबॉक. हरणांत छोटा असतो, पण सूड वजनावर नसतो. नेम लहान म्हणजे कसब मोठं.

११ जून
सरावाला बंदूक नाही, म्हणून शीतगृहात फरशी पुसायचा दांडा खांद्याला लावून नेम धरत होतो. हलता नेम हवा म्हणून सुपरवायझरच्या पाठीवर धरला. तो वळला. विनोदबुद्धी नाही माणसाला.

१३ जून
रजा रद्द. त्या दांड्यामुळे नाही, असं तो तीनदा म्हणाला. मासा भरपूर आलाय म्हणे. राजीनामा तोंडावर फेकणार होतो. पण मग पॅकेजचे उरलेले पैसे कुठून भरू?
नवा प्लॅन. घरचे जातील, सूड मी फोनवरून चालवीन. सेनापती लढाईत मागेच असतो. मामांना सगळं पढवलं: एरास्टसला नुसतं ‘ए’ म्हणायचं, चहा दोनदा परत, माझं नाव काढायचं नाही. मामा म्हणाले, बरं, आणि नाश्ता?
शिकार आता मामा करणार. त्यांनी बंदूक एकदाच चालवली आहे, सापावर. तो साप पुढे बरीच वर्षं दिसायचा.

५ जुलै, दुपार
पोचले. नेलाओचा फोन आला. गाडीतून उतरतानाच आई एरास्टसला म्हणाली, मी हाफेनीची आई, तो इथेच होता ना, नीट जेवायचा का? संपलं.
चहा आला. मामांना आठवण होती, पण त्यांनी आधी चाखला, मग म्हणाले, गरम आहे, उगाच कशाला. दोन कप प्यायले.
मसाजवालीला आई म्हणाली, अगं, तू माझी सून आहेस का पाय चोळायला? मग तिचे हात फुटलेले बघितले आणि घरून नेलेलं मरुलाच्या बियांचं तेल तिलाच लावत बसली. घोडा नेलाओला चावला. फारसा नाही.
एरास्टस मामांना सर म्हणाला! म्हणालाच! मी विचारलं, मग मामा काय म्हणाले? नेलाओ म्हणाली, मामा म्हणाले, सर कसला रे, बस, जेव आमच्याबरोबर.

६ जुलै
गोळी सुटली. स्प्रिंगबॉकला काही झालं नाही. नेलाओ म्हणते, तो आणि मामा बराच वेळ एकमेकांकडे बघत होते. गोळी पुढे झुडपात गेली आणि झुडपात कुडू होता. मोठा नर. उधळला.
एरास्टसने गुडघे टेकले. म्हणाला, रक्त आहे.
आईने फोन घेतला. म्हणाली, तू इथे हेच काम करायचास ना, मग सांग या माणसाला की हे रक्त नाही, चौदा हजार म्हणतात इथले. नेलाओने फोटो पाठवला. गवताची काडी आणि एक ठिपका.
फोटो मोठा करून बघितला. गंज. सरळ गंज. फेस नाही, म्हणजे छातीला नाही लागली. काळपट आहे, काडीवर खाली आहे, म्हणजे मागचा पाय, नुसती चाटून गेलेली. डावीकडे उतारावर गेला असणार. जगेल, पण सापडणार नाही. म्हणजे रक्त असतं तर.
आईला म्हणालो, फोटो नीट दिसत नाही.

७ जुलै
सापडला नाही. डावीकडे उतारापर्यंत माग होता.
एरास्टस दिवसभर मामांना घेऊन फिरला, उन्हात स्वतःची टोपी त्यांना दिली. माझ्याबद्दल वाईट एक शब्द बोलला नाही. आईला म्हणाला, पोराची नजर फार चांगली, थेंब लांबून दिसायचा त्याला. डाव आहे हा. आईने मला विचारलं, मग इतकं चांगलं काम सोडलंस का रे? मी म्हणालो, आवाज तुटतोय.

८ जुलै
आईने त्याला भाऊ मानलं. तेलाची बाटली दिली, माझ्यासाठी राखलेली. आईचा भाऊ म्हणजे आमच्यात घरचा मोठा माणूस. तो आला की मी उठून उभं राहायचं. लग्न ठरवायचं तर त्याला विचारायचं. डिसेंबरमध्ये येतोय. मामा म्हणाले, बरं झालं, मला एकट्याला तुझं झेपत नव्हतं.
आणि भाच्यावर दंड आला तर मामाने हातभार लावायचा असतो म्हणून एरास्टसने कुडूच्या पैशात पाचशे घातले. मालकीणबाईंकडे स्वतः दिले.
मरेन, पण त्याचे पाचशे घेणार नाही. पूर्ण चौदा पाठवीन, वर चिठ्ठी: तुमचे परत.

१५ जुलै
साठवलेले सगळे काढले. कंपनीकडून उचल घेतली, डिसेंबरपर्यंत कापणार. बूट सुपरवायझरला विकले. आज घालून आला होता, करकर वाजतात.
चिठ्ठी लिहिली नाही. घरातल्या घरात कसली चिठ्ठी.
पाठवतोय: तेरा हजार पाचशे.