शेड मिळवून देणारी वकीलबाई

ट्रेव्हर,

'प्रिय' मुद्दामच लिहिलेलं नाही.

बॅलारॅटमध्ये घर घेतेय, एकटीच्या नावावर. एजंट म्हणाला, "खरेदीच्या कागदांना आमचाच वकील घ्या, स्वस्तात पडेल." मी सरळ तुझ्या पेट्राकिसबाईंकडे गेले. आपल्या घटस्फोटात तुझ्या बाजूने भांडून ज्यांनी घरामागची पत्र्याची शेडसुद्धा मला मिळू दिली नाही, त्याच.

मला बघून त्या चपापल्या. "तुम्ही? माझ्याकडे?"

"तुमच्याइतकं मला कोणी छळलेलं नाही," मी म्हटलं. "आता माझ्या बाजूने छळा."

तुझं प्रकरण मिटलंय ना, हे तपासून त्यांनी काम घेतलं. या नव्या घरालाही मागे शेड आहे; तिला नगरपालिकेची परवानगीच नव्हती, हे त्यांनी हुडकून काढलं. "परवानगी आणा, मगच सही," त्यांनी विकणाऱ्याला ठणकावलं. एजंट रडकुंडीला आला. मी शेजारी बसून बिस्किटं खात होते.

परवानगी आली. सहीसुद्धा झाली. शुक्रवारी किल्ली मिळेल.

"शेडमध्ये काय ठेवणार?" बाईंनी विचारलं.

काहीच नाही. दारात खुर्ची टाकून बसणार आहे.

हे पत्र टाकत नाही. उगाच बाईंना फोन करून भांडशील, आणि हरशील.

आता तुझी कोणीच नसलेली,
नोएलीन