खाकी कोटावरचे आरसे

सिस्टरबाई,

तुम्ही पहिल्यांदा आमच्या तांड्यावर आलात त्या सकाळी सगळी माणसं का पळाली, हे तुम्हाला कोणी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. दारव्ह्याच्या दवाखान्यात तुम्ही नव्या होतात. थंडीचे दिवस, बैलगाडीचा रस्ता, म्हणून पांढऱ्या साडीवर तुम्ही तुमचा लढाईतला लोकरीचा कोट चढवला होता, खांद्यावर पितळेच्या चांदण्या. लांबून साडी कोणाला दिसलीच नाही. दिसली ती खाकी. इंग्रजाच्या कायद्यात आमची सगळी जातच चोर, म्हणून माझ्या आजाला चौकीत हजेरी द्यावी लागायची. कुठे चोरी झाली की आधी आमच्या झोपड्या उपसल्या जायच्या. इंग्रज गेला, पण आमचे पाय ते विसरले नव्हते. म्हातारे, लेकुरवाळ्या, सगळे नाल्यापलीकडे गेले. याडी, म्हणजे माझी आई, बाळंतपणानंतरच्या तापात पडली होती. तिला उचलणं मला जमेना, म्हणून मी राहिले.

तुम्ही दारातून वाकून आत बघताय आणि मी विळा धरून उभी आहे. "आमी काई चोरलं नाई," मी म्हणते. तुम्ही विळ्याकडे बघता, मग स्वतःच्या कोटाकडे. बाहेर जाता, कोट काढून काटेरी कुंपणावर टाकता आणि परत येता.

"आता मी कोण दिसते?"

"बाई."

"मग बाईला आत येऊ दे. आईचा ताप बघायचाय."

त्या दिवशी तुम्ही परत गेलाच नाहीत. पाणी उकळायला लावलंत, याडीला सुई टोचलीत, रडणारं बाळ माझ्या मांडीवर दिलंत. संध्याकाळी तिला हुडहुडी भरली, गोधड्या पुरेनात, तेव्हा तुम्हीच कुंपणावरचा कोट आणून तिच्या अंगावर घातलात. दुसऱ्या दिवशी जातानाही तो काढला नाहीत. म्हणालात, बरी झाली की आणून दे.

याडी बरी झाली. पण दुसऱ्याची वस्तू रिकामी परत करायची नाही, ही आमची रीत. तिने कोटाच्या बाह्यांवर, गळ्यावर लाल-पिवळे टाके घातले, आरसे बसवले, कवड्या लावल्या. स्वतःच्या लग्नाच्या कपड्यावरही तिने एवढं काम केलं नसेल. बाजाराच्या दिवशी आम्ही दवाखान्यात आलो, तुम्ही घडी उलगडली आणि तुमचा चेहरा पांढरा पडला.

"हे काय करून ठेवलंय? लढाईत ह्या बाहीवर डोकं ठेवून पोरं मेलीत माझी! कोणी सांगितलं होतं टाके घालायला?"

याडीला तुमची मराठी कळत नव्हती. आमच्या बोलीत तिने मला विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, फार आवडला म्हणते. याडीने पुढे होऊन तुम्हाला मिठीच मारली. तुम्ही लाकडासारख्या उभ्या. तिच्या खांद्यावरून मला विचारलंत, "तू काय सांगितलंस तिला?"

"तुमाले आवडला म्हून."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग तिच्या मिठीतून सुटलात, कोट चढवलात, गुंड्या लावल्यात आणि तो घालून याडीबरोबर भर बाजारातून चालत गेलात. लोक हसत होते. त्यानंतर तुम्ही तोच घालून तांडोतांडी फिरलात, आणि लांबून आरसे चमकले की लेकरं पळायची ती तुमच्याकडे. मी तुमची पेटी धरून मागे. कंपाउंडरने सांगितलं, बाई यवतमाळच्या वकिलाघरच्या, लहानपणी विधवा झालेल्या. बर्माच्या लढाईत गेल्या म्हणून घराने पुन्हा दार उघडलं नाही. तुम्ही स्वतः यातलं अक्षर कधी बोलला नाहीत.

मग चीनची लढाई लागली. दवाखान्याच्या व्हरांड्यात रेडिओ, आणि तुम्ही बसायला तयार नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या येरझारा. अर्ज गेला, बोलावणं आलं. मी म्हटलं, "काहून जाता? इथं मानसं मरत नाईत का?"

"तोंड सांभाळ," तुम्ही म्हणालात. "तिकडे बर्फात पोरं पडलीत."

पण तुमच्या आवाजात दुःख नव्हतं. दहा वर्षांनी लहान झाल्यासारख्या दिसत होतात. ते मला सोसलं नाही, आणि आजही सोसत नाही. आम्ही तुम्हाला पुरलो नाही का?

तुम्ही कोट घेऊन याडीकडे आलात, पण सांगायचं कसं ते तुम्हाला सुचेना. तोवर याडी बाजारापुरती मराठी शिकली होती. तिनेच तो हातातून घेतला. "लढाईत आरसे चमकतीन. दुश्मनाले दिसन. काढू दे." दुपारभर उन्हात बसून तिने एकेक टाका उसवला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तुमच्या होतं.

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं, आसामातल्या लष्करी दवाखान्यात तुम्ही न्यूमोनियाने गेलात. मी रडले नाही. मला राग आला होता.

पासष्टची लढाई लागली तेव्हा मी नागपूरला नर्सिंग शिकत होते. मेट्रनबाईंनी विचारलं, आघाडीवर कोण जाणार? एकेक करत सगळ्या पोरींचे हात वर झाले. माझा नाही. आमच्या तांड्यांवर कोणी नाही, मी म्हटलं, आणि शिक्षण संपल्यावर खरंच परत आले. पायी, जीपने, मिळेल तसं फिरत सगळी नोकरी इथेच केली. निवृत्तीच्या दिवशी माझ्या त्यागावर भाषणं झाली. मला खुर्चीत बसवेना.

हे पत्र टपालात पडायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. मेट्रनबाईंना मी सांगितलं ते खोटं नव्हतं, पण हात त्यासाठी खाली राहिला नव्हता. मरणाची भीतीही नव्हती, सिस्टरबाई. तिकडे गेले, आणि मलाही तुमच्यासारखंच आवडलं तर, ही होती.